कवड्या आणि मण्यार

आत्माराम माझा मोठा भाऊ. त्यानं आणि मी शेवटचं एकत्र जे केलं ते म्हणजे जेवलो. एका ताटलीत. मायनं कपाशीच्या पळाट्यांच्या जाळावर वांगी भाजली होती, बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली होती, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकर, तव्यावरून नुकती उतरलेली. लाकडाच्या बडगीत भरीत ठेचल्याचा ठक-ठक आवाज आजही कुठून आला की मला भूक लागते आणि लगेच मरते. वांग्याचा देठ चोखायला गोड लागतो, त्यावरून आमचं रोजचं भांडण. त्या दिवशीही झालं. तो मोठा, त्यानं देठ हिसकावला आणि वर मला कोपर मारलं. लोक सांगतात, जाणारा माणूस जाण्याआधी काहीतरी वेगळं बोलतो. आमचा आत्माराम काही वेगळं बोलला नाही. पात कमी टाकली म्हणून मायवर कुरकुरला आणि हात धुवायला उठला.

तेव्हा साप त्याला चावून गेलेला होता, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यानं लपवलं नव्हतं, आम्हीही कानाडोळा केला नव्हता. तरी आम्ही सगळे पोटभर जेवलो. असं कसं झालं ते सांगायचं तर पुस्तकांपासून सांगावं लागेल.

आमचं गाव साक्रीच्या अलीकडे, पांझरेच्या काठाला. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाच्या पाण्यावर सगळ्या गावाची वावरं. कोणाच्या वावरात पाणी आधी जाईल, कोणाच्या नंतर, हे पाटकऱ्यानं बघायचं. आमचे आबा, म्हणजे वडील, पाटकरी होते. सख्ख्या चुलतभावाचं पाणी त्यांनी एकदा वेळ झाली म्हणून बंद केलं होतं, कांदा अर्धा भिजलेला असताना. तेव्हापासून ते घर आमच्याकडे पोळ्यालाही येत नव्हतं. आबांना त्याचं काही वाटलं नाही. वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही, आणि आमच्या घरात न दाखवलेली गोष्ट नसल्यासारखीच धरायचे.

शाळा चौथीपर्यंत. एकच गुरुजी, जळगावकडचे, तापीकाठचे. त्यांची बोली ऐकून आम्ही हसायचो, आमची अहिराणी ऐकून ते हसायचे. वयानं तरणे होते, लग्न व्हायचं होतं. एका सुट्टीवरून परतताना त्यांनी पत्र्याची ट्रंक आणली. आम्हाला वाटलं कपडे असतील. निघाली पुस्तकं. पातळ, रुंद, गुळगुळीत कागदाची, प्रत्येक पानावर मोठं चित्र आणि खाली दोन-चार ओळी. शाळेची पुस्तकं आम्ही पाहिली होती, पण अशी रंगीत नाही. एकात मुंग्यांचं वारूळ उभं कापून दाखवलं होतं, माडीवर माडी असल्यासारखं. एकात पाण्याच्या एका थेंबातले जीव. एकात एक गोरा माणूस जळलेल्या दोऱ्यांच्या ढिगात बसलेला, त्याला विजेचा दिवा शोधायचा होता आणि दोरा काही टिकत नव्हता. आमच्या गावात तेव्हा वीज नव्हती. शेजारचा धुडकूकाका पान पाहून म्हणाला, "दोरा जळना म्हनीसन इतका रडस का हा? आमनाकडे तर रोजच बठ्ठं जळस." बठ्ठं म्हणजे सगळं.

आत्माराम चौथी पास होऊन घरी बसला होता, म्हणजे आबांबरोबर पाटावर जात होता. शाळेशी त्याचा संबंध उरला नव्हता. पण पुस्तकं आल्यावर तो संध्याकाळी गुरुजींच्या खोलीवर जाऊन बसू लागला. गुरुजी त्याला एकेक पुस्तक घरी नेऊ द्यायचे. तो आधी चित्र बघायचा, खूप वेळ बघायचा, मग ओळी वाचायचा, मग परत चित्र. मी ओळी आधी वाचून मोकळा व्हायचो. तो म्हणायचा, तुला घाई फार. एका पुस्तकात पाण्यावर फिरणारं चाक होतं. त्यानं बांबूच्या चिपा आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तसं चाक केलं आणि पाटात लावलं. ते फिरलं. खरंच फिरलं, आणि आम्ही पोरं पाटाच्या दोन्ही बाजूंनी ओरडत पळालो. आबा आले, चाकामागं पाणी तुंबून खालच्या वावराला धार कमी पडलेली पाहिली, चाक उपटलं आणि काठावर ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. "पाणी देवाना दिन संपू दे, मंग नदीमा लाव," एवढंच बोलले. आत्माराम खूश. आबांनी नदीत लाव म्हटलं, याचा अर्थ चाक चांगलं आहे, असं त्यानं मला समजावून सांगितलं.

सापांचं पुस्तक नंतर हाती आलं. शेताशिवारातले साप, असं काहीसं. गावात साप निघाला की एकच काम, काठी आणायची. आत्मारामनं ते पुस्तक पाठ केलं. मग पाटातून निघालेल्या सापाला तो पाणदिवड म्हणून सांगू लागला, मारू नका म्हणू लागला. पहिल्यांदा लोक हसले. मग एकदा एका बाईच्या चुलीमागं नाग निघाला, बाई म्हणे हा साधा आहे, आत्माराम म्हणाला लांब व्हा, आणि सापानं फणा काढला. त्या दिवसापासून साप दिसला की काठीच्या आधी आत्मारामला हाक जाऊ लागली. मिसरूड फुटायचं होतं त्याला. मोठमोठी माणसं थांबायची, तो वाकून बघायचा आणि सांगायचा. एकदाही चुकला नाही. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. चुकला असता तर धुडकूकाकानं गावभर केलं असतं.

इथं थोडं थांबतो. आमची ही पोळ्याच्या आधी गेली. शिरपूरकडची होती, सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढं, आणि ते ती मला जन्मभर ऐकवायची. मुलगी दीपनगरला दिली आहे, नातवंडं सुट्टीत येतात आणि त्यांच्या पिशवीत अशीच पुस्तकं असतात. रॉकेट, डायनासोर, समुद्रातले मासे. आता तर बटण दाबलं की प्राणी ओरडतो. ही त्यांना मांडीवर घेऊन वाचून दाखवायची. मी आत आलो की पुस्तक उपडं करून ठेवायची आणि चहाचं विचारायची. मी कधी सांगितलं नव्हतं की उपडं कर. यंदा नात पुस्तक घेऊन माझ्याकडं आली आणि मांडीवर उघडूनच ठेवलं. तिला अडवायला कोणी नव्हतं. मी गोठ्यात निघून गेलो. पोरगी रडली. मुलगी म्हणाली, "बाबा, लहान लेकराशी असं वागतात का?" बरोबर बोलली. पण तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि सांगणारी गेली. म्हणून लिहून काढतो आहे.

दिवाळी झाली की पाट काढतात. पावसाळ्यात पाटात गाळ बसतो, काठाचे दगड ढासळतात, गवत माजतं. घराघरातून माणूस येतो आणि बंधाऱ्यापासून खालपर्यंत पाट साफ होतो. त्या सकाळी आम्ही दोघं आबांबरोबर होतो. ऊन कोवळं होतं. ढासळलेले दगड परत रचायला आत्माराम एकेक उचलून देत होता, मी लावत होतो. एका दगडाखाली साप निघाला. हातभरसुद्धा नसेल. अंगाला गाळ लागलेला, गपगार पडून राहिलेला. आजूबाजूचे लोक थांबले, बघा म्हणाले. आत्माराम वाकला, अंगठ्यानं सापाच्या मानेवरचा गाळ पुसला. खाली फिकट पट्टा दिसला. "कवड्या शे," तो म्हणाला, "काही करत नही," आणि त्यानं साप उचलून पलीकडच्या कुंपणात सोडला. सोडताना सापानं त्याच्या करंगळीला तोंड लावलं. रक्त आलं नाही. दुखलं का विचारलं तर म्हणाला, मुंगीएवढंही नाही. लोक परत कामाला लागले. आबांनी पाहिलं, विचारलं, "कवड्या ना?" आत्माराम म्हणाला, "हा." आबा पुढं गेले.

घरी आल्यावर त्यानं मायला स्वतःहून सांगितलं, करंगळी दाखवून. तिच्या हातातली भाकर थबकली.

"चावना?"

"कवड्या व्हता माय. त्याले इख नही ऱ्हास. पुस्तकमा शे."

मायनं बोट उजेडात धरून पाहिलं. काही दिसत नव्हतं. मग तिनं भाकर तव्यावर टाकली. आत्मारामनं सांगितलं म्हणजे संपलं, असं गावाला झालं होतं आणि घरालाही झालं होतं. आम्ही जेवलो.

जेवण झाल्यावर त्याला झोप येऊ लागली. उन्हात काम केलेलं, पोट भरलेलं, कोणालाही येईल. ओट्यावर आडवा झाला. मग म्हणाला पोटात पीळ पडतोय. मायनं ओवा दिला. ओवा त्याला नीट गिळता आला नाही. मी जवळ बसलो होतो. त्याच्या पापण्या अर्ध्यावर येऊन अडकल्या होत्या, झोपेनं मिटतात तशा नाही, कोणी दोरीनं खाली ओढून धरल्यासारख्या. तो बोटानं पापणी वर उचलून माझ्याकडं बघत होता. आबा आले, त्यांनी एकदाच तोंडाकडं पाहिलं आणि गाडी जुंपली. शेजारचे म्हणाले भिलटदेवाच्या ओट्यावर न्या, तिथं सापाचं विष उतरतं. आबा म्हणाले, धुळ्याला नेतो, दवाखान्यात. मोठ्या रस्त्यापर्यंत बैलगाडी, पुढं एस.टी. नाहीतर ट्रक. मी गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. जीभ जड झाली होती. त्यानं माझा सदरा ओढला. मी कान खाली नेला.

"मण्यारना पट्टा शेपटीपर्यंत ऱ्हातस," तो म्हणाला. "मी शेपटी नही देखी."

त्यानंतर त्याला बोलता आलं नाही. मोठा रस्ता लागला तेव्हा तो श्वास घेत होता. ट्रक थांबला तेव्हा घेत नव्हता. ट्रकवाला खाली उतरला, बघितलं, डोक्यावरचा रुमाल काढला आणि तसाच उभा राहिला. आबांनी त्याला जा म्हणून सांगितलं आणि बैल माघारी वळवले.

दुःखात माणसाला कोणीतरी हाताशी लागतं. गावाला गुरुजी लागले. पुस्तकानं साप साधा म्हणून सांगितलं, पुस्तक मास्तरनं आणलं, म्हणजे मास्तरनं पोरगा मारला. पोरं शाळेत जायची थांबली. गुरुजी आमच्या दाराशी येऊन उभे राहिले, मायनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, ते तसेच परतले. दहाव्याच्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. मास्तरला गावातून काढायचं आणि ट्रंक जाळायची, असं बहुतेकांचं ठरूनच आलं होतं. गुरुजी एका कडेला उभे होते, कोणी बस म्हटलं नव्हतं. त्यांच्या हातात सापाचं पुस्तक होतं. ते म्हणाले, "एकदा वाचून तर बघा." लोक म्हणाले, तू वाचशील ते तुझ्या सोयीचं.

आबा तोवर बोलले नव्हते. डोकं नुकतं भादरलेलं, वेगळेच दिसत होते. ते म्हणाले, "मना पोऱ्या वाची."

मला पुढं केलं. पान सापडायला शोधावं लागलं नाही, पुस्तक तिथंच उघडत होतं. डाव्या बाजूला कवड्या, उजव्या बाजूला मण्यार, दोन्ही जवळजवळ सारखे. मी वाचायच्या आधीच सगळं समजलो. मी खरं वाचलं तर गुरुजी सुटणार होते आणि आत्माराम चुकलेला ठरणार होता, दहाव्याच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर, बायका मागं उभ्या असताना आणि त्यांत माय असताना. एक ओळ गाळली असती तरी भागलं असतं. पारावर बसलेल्या जाणत्यांत वाचता येणारं कोणी नव्हतं, आणि गुरुजी माझ्या तोंडावर मला खोटं म्हणाले नसते. मला ते त्यांच्याकडं बघून कळलं. ते जमिनीकडं बघत होते.

"काय लिखेल शे त्यामा?" आबांनी विचारलं. "बठ्ठं वाच. गाळू नको."

मी वाचलं. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे मानेच्या मागून सुरू होतात आणि शेपटीच्या टोकापर्यंत असतात. मण्यार विषारी आहे, तिचा चावा दुखत नाही. पिल्लू असेल तर पट्टे मानेवरही असतात, त्यामुळे ओळखू येत नाही. शंका असेल तर हात लावू नये आणि चावल्यास थेट दवाखान्यात जावे. शेवटची ओळही वाचली.

मग धुडकूकाका म्हणाला, हळूच म्हणाला, टोमणा नव्हता त्यात, "म्हंजे पुस्तक खरं. पोऱ्या चुकना."

"त्याले समजनं व्हतं," मी म्हणालो. गाडीत तो काय बोलला ते मी सांगितलं, जसंच्या तसं. मला वाटलं ते सांगितल्यानं आत्मारामची बाजू राहील. त्याला कळलं होतं, तो अडाणी नव्हता, हे लोकांना समजेल. मागून बांगड्या वाजल्या. माय उठून घरी निघाली होती.

आबा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मास्तर आठेच राही. पुस्तक त्याले दी टाक." एवढं बोलून चप्पल शोधू लागले. चप्पल समोरच होती, त्यांना सापडत नव्हती. गुरुजींनी वाकून ती पुढं केली.

घरी माय चुलीपुढं बसली होती, चूल पेटवलेली नव्हती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुले तोंड मिटता येत नव्हतं का रे?" पुढं कितीतरी वर्षं ती माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्याकडं पोराचं नाव तेवढं उरलं होतं, आणि मी तेही पारावर ठेवून आलो. चौथी झाल्यावर मी शाळा सोडली. कोणी सोडवली नाही, पाटावर आबांना दुसरा हात हवा होता. गुरुजी पुढं बदलून गेले. मण्यारीच्या पानावर आणखी काय काय लिहिता आलं असतं, चित्रात शेपटी मोठी काढता आली असती का, यावर मी उभ्या जन्मात विचार केला आहे. कितीही केला तरी पुस्तकात खोट सापडत नाही. सापडली असती तर बरं झालं असतं.

पारावर वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत होतो तेव्हा धुडकूकाका पळत आला. त्याच्या कडब्याच्या गंजीत साप होता. दारात येऊन त्यानं सवयीनं हाक मारली, "आत्माराम, ओ आत्माराम," आणि तोंडावर हात ठेवला. घरात मायच्या हातातलं भांडं थांबलं. आबांनी कोपऱ्यातली काठी घेतली. मी त्यांच्या मागून गेलो, कोणी बोलावलं नव्हतं.

गंजीभोवती माणसं जमली होती, सगळ्यांच्या हातात काही ना काही. कडब्याच्या पेंढ्यांतून सापाचं डोकं आणि हात-दीड हात अंग बाहेर आलेलं होतं, जाडजूड, पिवळसर. त्यांनी मला पाहिलं आणि बाजूला झाले. नुसतेच झाले, काल पारावर मी वाचलं म्हणून असेल, किंवा दुसरं कोणी नव्हतं म्हणून. मला पाहताक्षणीच समजलं होतं, धामण होती, उंदीर खायला आलेली. तिला ओळखायला एवढं अंग पुरे होतं. धुडकूकाका म्हणाला, "सांग लवकर, मारू का?" आबांनी काठी वर धरली होती आणि ते सापाकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. मी हात मागं बांधले आणि लांबच उभा राहिलो. सगळे सांग सांग म्हणत होते. साप सावकाश निघत होता, पेंढ्या सरसर वाजत होत्या. शेपटीचं टोक बाहेर येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. मग सांगितलं.